वाचकांचे प्रश्न: तेल झाडात कुठं बसलंय?

गेल्या अंकात गवती चहाच्या तेलाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, की पाल्यातनं वाफ सोडून तेल काढतात, बस एवढंच. त्यावर सातारा-सांगलीकडनं इतके प्रश्न आलेत की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. काही प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केलेत.

कोरेगाव तालुक्यातून एक शेतकरी वाचक: सर नमस्कार. आमचं आल्याचं पीक आहे, भाव पडला की काय करावं सुचत नाही. ओळखीतल्या एकाकडनं आमच्याच आल्याचं वाफेवर तेल काढून आणलं. वास एकदम भारी आहे पण काडीला लावून जिभेला लावलं तर आल्यासारखं झणझणत नाही. तेल बदलून दिलं असेल का?

नाही दादा, तुमचं तेल खरंच असणार, वाफेवरचं आल्याचं तेल असंच असतं. आल्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वास येतो तो झिंजिबेरीन वगैरे हलक्या द्रव्यांचा, ती वाफेबरोबर उडून येतात. तिखटपणा येतो जिंजेरॉलमुळं, ते जड, ते वाफेबरोबर वर येतच नाही, खाली टाकीतल्या चोथ्यात राहतं. म्हणून तेलात सगळा वास आला आणि झणका मागं राहिला.

आता मुळात वाफेवर तेल येतं कसं ते सांगतो, कारण हे कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. गवती चहाच्या तेलातलं मुख्य द्रव्य सिट्रल, ते एकटं उकळायचं म्हटलं तर साधारण 229 अंश लागतात. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन 176 अंशाला उकळतं. एवढ्या आचेवर पाला नुसता ठेवला तर करपून जाईल, तेलाचीही वाट लागेल. पण तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळं दोघं आपापल्या वाफेचा दाब वेगवेगळा लावतात आणि त्या दोन दाबांची बेरीज बाहेरच्या हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळतं. एकट्याला न उचलणारं पोतं दोघांनी मिळून उचलावं तसं. पाण्याला तेलाचा थोडा हातभार मिळाला म्हणून उकळी 100 अंशाच्या आतच येते आणि 229 अंशवालं सिट्रल बिचारं शंभराच्या आत वाफ होऊन बाहेर पडतं. मग ती वाफ थंड केली की पाणी आणि तेल वेगळं होतं, तेल वरनं काढून घ्यायचं. (महाबळेश्वर साधारण 1,370 मीटर उंचीवर आहे, तिथं नुसतं पाणीच 95-96 अंशाला उकळतं, म्हणजे तिथं हे सगळं अजून थोडं खाली होणार.)

तुम्हाला झणका पण पाहिजे असेल तर ती पद्धत वेगळी. सुंठीची भरड अॅसिटोन किंवा अल्कोहोलसारख्या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे विरघळवून घेणाऱ्या द्रवात, भिजवतात, त्यात वास आणि तिखटपणा दोन्ही उतरतं, मग सॉल्व्हंट उडवून परत गोळा करतात आणि खाली दाट काळपट चिकट पदार्थ राहतो, त्याला ओलिओरेझिन म्हणतात. मसाला कंपन्या आणि जिंजर बिस्किटवाले हेच वापरतात. दुसरी पद्धत कार्बन डायऑक्साइडची, तो वायू 31 अंशाच्या वर आणि हवेच्या साधारण 73 पट दाबाच्या वर नेला की ना धड वायू ना धड द्रव असा होतो आणि वास, तिखट दोन्ही खेचून घेतो, दाब सोडला की उडून जातो, मागं काही उरत नाही. पण दोन्ही कारखान्याची कामं आहेत, गोठ्याशेजारी शेड टाकून करायची नाहीत, सॉल्व्हंटच्या वाफेला ठिणगी लागली तर शेड जागेवर राहणार नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, तेलासाठी आलं सोलून घासून देऊ नका. आल्यातल्या तेलाच्या पेशी सालीच्या लगेच खालीच जास्त असतात, खरवडलं की तेल तिथंच गेलं. वाळलेल्या सुंठीत तेल साधारण दीड ते तीन टक्के. ओल्या आल्याच्या तेलाला थोडा लिंबासारखा ताजा वास जास्त असतो, त्याला वेगळं गिऱ्हाईक असतं.

खटाव तालुक्यातून: पाणी कमी आहे म्हणून गवती चहा लावायचं डोक्यात आहे. एक युनिट विकणारे मागं लागलेत, म्हणतायत एकाच मशीनमधनं गवती चहा, गुलाब, मोगरा, लिंबू, चंदन सगळ्याची तेलं निघतात, चार महिन्यात पैसे वसूल. घ्यावं का? आणि पाणी किती लागतं?

आत्ता घेऊ नका. आधी त्यांना एकच प्रश्न विचारा, की या प्रत्येक झाडात तेल नेमकं कुठं असतं? ज्याला हे सांगता येत नाही त्याच्याकडनं मशीन घ्यायची नाही, मी अगदी मनापासून सांगतोय.

बघा, तुळस, पुदिना यांचं तेल पानाच्या वरच्या बारीक केसासारख्या ग्रंथींत असतं, म्हणून नुसता हात फिरवला तरी वास येतो. तिथं वाफ लागली की तेल पटकन सुटतं. गवती चहाचं तेल पानाच्या आतल्या पेशींत, निलगिरीचं पानात खोलवर छोट्या पिशव्यांत, त्याला गरम पाण्याला आत शिरून तेल बाहेर आणावं लागतं, वेळ थोडा जास्त. वाळ्याचं तेल मुळात, त्याला तर अठरा-वीस तास किंवा त्याहून जास्त वाफ चालू ठेवावी लागते. चंदनाचं तेल लाकडाच्या गाभ्यात, ते लाकूड आधी भुकटी करावं लागतं. लिंबाचं सालीच्या पिवळ्या थरात फुगलेल्या फोडांत, ते वाफेपेक्षा नुसतं दाबून काढलेलं चांगलं. आणि मोगऱ्याचं वाफेवर नीट जमत नाही, ते खाली लिहिलंय. गुलाबाचं वाफेवर निघतं, पण एक किलो तेलाला साधारण साडेतीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात, त्या पण पहाटे तोडून लगेच टाकीत. एवढा गुलाब तुम्ही खटावात आणणार कुठनं? म्हणजे एकाच मशीनमध्ये सगळं ही गोष्ट कागदावर ठीक आहे.

आता गवती चहाचा हिशोब. ओल्या पाल्यात तेल साधारण अर्धा टक्का धरा, जात, पाणी, ऋतू याप्रमाणं कमीजास्त. म्हणजे 500 किलो पाल्याच्या टाकीतनं एका वेळी दोन-अडीच किलो तेल, दोन-तीन तासांत. हा आकडा आधी डोक्यात बसवा आणि मग एकरी पाला, मजुरी, जळण सगळं त्यातनं वजा करा, भाव काय मिळेल ते विकत घेणाऱ्याला आधीच विचारा. तेल काढून मग गिऱ्हाईक शोधू म्हणाल तर कॅन घरात पडून राहतील, आणि सिट्रल उजेडाला, हवेला खराब होतं.

अजून एक, परसात चहात टाकायला जो गवती चहा असतो तो बहुतेक वेगळ्या प्रकारचा असतो, त्याच्या तेलात मिरसीन नावाचं द्रव्य जास्त असतं आणि ते अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, अत्तरवाल्यांना ते नको असतं. तेलासाठी लावतात तो दुसरा. लखनौच्या सीमॅपनं, म्हणजे सुगंधी वनस्पतींवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेनं, कृष्णा वगैरे जाती काढल्यात. 2017 पासून केंद्राचं सुगंधी पिकांसाठीचं अरोमा मिशन पण चालू आहे, रोपं आणि माहिती त्यातनं मिळते, शेजाऱ्याच्या परसातले फुटवे उपटून आणू नका.

काही गोष्टी युनिटवाले सांगत नाहीत. पाला कापल्यावर सावलीत थोडा सुकू द्यायचा, दिवसभर चालतं, त्यानं टाकीत जास्त माल बसतो, पण ओला ढीग घालून ठेवला की आतनं तापतो आणि तेल बिघडतं. टाकीत पाला पायानं तुडवून सगळीकडं सारखा दाबायचा, कारण कुठं पोकळी राहिली की वाफ तिथूनच वाट काढते आणि बाकीचा पाला कोरडाच राहतो, मग माणूस म्हणतो की आमच्या गवतात तेलच नाही. लोखंडी टाकीत तेलाचा रंग काळपट-लालसर होतो आणि भाव पडतो, निदान वाफ आणि तेल जिथं लागतं तिथं तरी स्टेनलेस स्टील पाहिजे. पाल्याला पाण्यात बुडवून उकळायचं, की जाळीवर ठेवून खाली पाणी उकळायचं, की वेगळ्या बॉयलरमधनं वाफ सोडायची, यात सुरुवातीला जाळीवालं परवडतं. पाण्यात बुडवलेलं खाली करपतं आणि वेळ पण जास्त घेतं.

पाण्याचं म्हणाल तर वाफेला पाणी थोडंच लागतं, खरं पाणी खातो कंडेन्सर, कारण वाफ थंड करायला सतत गार पाणी फिरवावं लागतं. ते बाहेर सोडून देऊ नका, गरम पाणी टाकीत सोडून गार करून परत फिरवा, मग तुमच्या भागात पण जमेल. उरलेला चोथा वाळवला की त्याच भट्टीला जळण म्हणून चालतो, नाहीतर शेतात आच्छादन करा. शक्य असेल तर पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून एकच युनिट घ्या, एकट्याच्या रानावर टाकी रोज भरत नाही आणि रिकामी टाकी हाच या धंद्यातला सगळ्यात मोठा तोटा आहे.

मिरजेहून एक वाचक ताई: दारात मोगऱ्याचे वेल आहेत, उन्हाळ्यात परडीभर फुलं निघतात. कुकरला नळी लावून तेल काढायचं बघितलं तर शिजवलेल्या भाजीसारखा वास आला. काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही ताई, मोगरा, जाई, निशिगंध ही फुलं वाफ सहन करत नाहीत. त्यांचा वास उष्णतेनं मोडतो. ही फुलं तोडल्यावरही बराच वेळ वास सोडत राहतात, म्हणून जुन्या काळी फ्रान्समधल्या ग्रास गावात काचेवर शुद्ध चरबीचा थर देऊन त्यावर फुलं मांडायचे, ती वास सोडायची, चरबी पिऊन घ्यायची, दुसऱ्या दिवशी जुनी फुलं काढून नवी, असं कित्येक दिवस. मग ती चरबी अल्कोहोलमध्ये घुसळून वास काढून घ्यायचे. फार कष्टाचं काम, आता जवळजवळ बंदच पडलंय. आता हेक्झेन नावाच्या सॉल्व्हंटमध्ये फुलं धुतात, तो उडवला की मेणासारखा घट्ट गोळा राहतो, त्याला काँक्रीट म्हणतात, त्यातलं मेण अल्कोहोलनं बाजूला करून शेवटी वासाचा शुद्ध अर्क, म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट मिळतं. म्हणून तुम्हाला बाजारात शंभर रुपयाला मोगऱ्याचं प्युअर इसेन्शियल ऑइल, म्हणजे फुलातलं नुसतं वासाचं तेल, म्हणून मिळतं ना, त्या किमतीत ते असूच शकत नाही.

आपल्याकडची पद्धत मला तरी फार आवडते. उत्तरेत कनौज, जौनपूरकडं तिळाचे आणि फुलांचे थर एकावर एक लावायचे, फुलं रोज बदलायची, तिळात वास मुरला की मग घाण्यावर तेल काढायचं, तो फुलेल. हे तुम्ही घरी करू शकता. स्वच्छ कोरडे तीळ घ्या, संध्याकाळी उमललेली फुलं, पाण्याचा थेंब नको नाहीतर बुरशी येईल, सकाळी फुलं काढायची. आठवडाभर केलं तरी फरक कळतो, आणि मिरज-सांगलीत लाकडी घाणे आहेतच. हे केसाचं तेल होईल, इसेन्शियल ऑइल नाही, पण वास खरा मोगऱ्याचा असेल. हेक्झेन मात्र घरात आणू नका, पेट्रोलसारखं पेट घेतं.

विट्याहून एक आई: लेकराला सर्दी झाली की सासूबाई बत्ताशावर निलगिरीच्या तेलाचा थेंब देतात. चालतं का?

नाही. अजिबात देऊ नका. निलगिरी तेल लहान मुलांच्या पोटात गेलं तर थोड्याशानं सुद्धा झटके येऊ शकतात, गुंगी येऊ शकते. कापराचंही तसंच. सासूबाईंना नीट सांगा, त्या मायेनंच करतायत, पण बाटली कुलपात ठेवा. चुकून पोटात गेलंच तर उलटी काढायला जाऊ नका, बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा. लहान मुलांच्या नाकाला, चेहऱ्यालाही लावू नका.

सांगलीजवळून एक हळद उत्पादक: हळद काढताना पाला सगळा वाया जातो. त्यातनं तेल निघतं का? आणि हळदीचं तेल पिवळंधमक का नसतं?

दुसऱ्याचं आधी. पिवळा रंग कुरकुमिनचा, आणि कुरकुमिन आल्यातल्या जिंजेरॉलसारखंच वाफेबरोबर वर येत नाही. वाफेवर येतं ते टर्मेरोन वगैरे वासाचं तेल, फिकट पिवळं, त्यानं हात रंगत नाहीत. ज्यांना कुरकुमिन पाहिजे ते सॉल्व्हंटनं ओलिओरेझिन काढतात, त्यातनं कुरकुमिनचे स्फटिक वेगळे करतात आणि मागं राहतं त्यात तेल असतं, म्हणजे बाजारातलं बरंचसं हळदीचं तेल हे कुरकुमिनच्या धंद्याचं जोडउत्पादन आहे. तुम्ही काहिलीत हळद शिजवता तेव्हा रानभर जो घमघमाट सुटतो ना, ते तेलच उडत असतं थोडं थोडं, म्हणून शिजवणं गरजेपेक्षा लांबवू नका, हळद आतनं मऊ झाली की उतरवा.

पाल्यात पण तेल आहे, पण ते कंदाच्या तेलापेक्षा वेगळं, त्यात बहुधा फेलँड्रीन नावाचं द्रव्य जास्त असतं, वास हिरवा, हलका. तांत्रिकदृष्ट्या गवती चहाच्याच टाकीत निघतं. अडचण गिऱ्हाइकाची आहे. 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची सरकारी नोंद, मिळाला तो हळकुंडाच्या नावावर, पाल्याच्या तेलाला अजून तसा मोठा बाजार नाही. म्हणून फक्त यासाठी युनिट घेऊ नका, जवळ कुणाची गवती चहाची टाकी असेल तर तिथं पाला हिरवा असताना नेऊन एक घाणा काढून बघा, पूर्ण वाळलेल्या पाल्यात फारसं हाती लागणार नाही. नमुना हातात असला की बोलणं करता येतं.

पलूसहून: लिंबाच्या तेलानं चेहरा उजळतो म्हणून लावलं आणि द्राक्षबागेत कामाला गेले, तर काळे डाग पडलेत. तेल भेसळीचं होतं का? शुद्ध तेल ओळखायचं कसं?

ताई, शुद्ध असलं तरी हे होतं. दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलात फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात, त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते आणि डाग राहतात. वाफेवर काढलेल्या तेलात ती येत नाहीत, कारण ती जड असतात. आता ते बंद करा, ऊन टाळा आणि कातडीच्या डॉक्टरला दाखवा, त्यावर आणखी घरगुती काही लावू नका.

शुद्धतेचं असं आहे की पांढऱ्या कागदावर थेंब टाकायचा, काही तासांनी तेलकट डाग राहिला तर खोबरेलसारखं काही मिसळलेलं असू शकतं. पण वाळा, चंदन ही तेलं तशीही लवकर उडत नाहीत, आणि कारखान्यात बनवलेलं सिट्रल घातलं असेल तर ते कागदावर कळणारच नाही. जास्त खात्री पाहिजे तर गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातलं एकेक द्रव्य वेगळं करून मोजणाऱ्या तपासणीचा, जीसी रिपोर्ट मागायचा. विकणाऱ्याकडं तो त्या बॅचचा नसेल तर घेऊ नका.

कऱ्हाडहून अकरावीचा विद्यार्थी: विज्ञान प्रदर्शनात तेल काढून दाखवायचंय. घरचाच कुकर नळी लावून वापरू का? कुठलं झाड घेऊ?

कुकर नको बाळा, कुकरची नळी एखाद्या पानानं तुंबली तर दाब वाढून अपघात होतो. कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना विचारून गोल बुडाचा फ्लास्क आणि पाण्याचा कंडेन्सर घे. लॅबमध्ये क्लेव्हेंजर असेल तर फारच छान, हे काचेचं उपकरण 1928 पासून वापरात आहे, त्यात तेल एका बारीक मापाच्या नळीत साठतं आणि पाणी आपोआप फ्लास्कमध्ये परत जातं, किती मिली निघालं ते तिथंच वाचता येतं.

झाड एक नको, दोन घे. एक निलगिरीची ताजी पानं, एक लवंग. लवंगेत तेल भरपूर, साधारण पंधरा टक्के आणि वर, म्हणून पन्नास ग्रॅम जाडसर कुटलेली लवंग पुरेल. फ्लास्क अर्ध्यापेक्षा जास्त भरू नको, चिनी मातीचे दोन-चार तुकडे टाक म्हणजे उकळी उसळणार नाही, आच मध्यम आणि मोठं कुणीतरी शेजारी असू दे. आधी दुधासारखं पांढुरकं पाणी येईल, घाबरू नको, ते तेलाचे बारीक थेंब आहेत, थोडं थांबलास की वेगळे होतील. निलगिरीचं तेल पाण्यावर तरंगेल आणि लवंगेचं खाली बुडेल, कारण लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड आहे. दोन परीक्षानळ्या शेजारी शेजारी ठेव, बघणारे तिथंच थांबतील आणि तुला विचारतील असं का, तेव्हा आधी जड-हलक्याचं सांग आणि मग तेल वाफेबरोबर आलं कसं ती वरची दाबाची बेरीज समजावून सांग. लवंगेचं तेल बोटाला लावू नको, कातडी चुरचुरते. उरलेलं गडद काचेच्या छोट्या बाटलीत, गळ्यापर्यंत भरून, झाकण घट्ट लावून ठेव आणि बाटलीवर झाडाचं नाव आणि तारीख लिही.